खाज उठविणाऱ्या वनस्पती : ओळख, काळजी व उपाय

सुरतेला उधना भागात आमचे घर आहे. तेथून रेल्वेचा फाटा जळगाव-भुसावळकडे जातो आणि पावसाळ्यात मोकळ्या जागांवर, रस्त्यांच्या कडेने कमरेएवढे गाजरगवत माजते. माझे काका रोजंदारीवर असले रान साफ करण्याचे काम करीत. तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता त्यांच्या पापण्या सुजल्या. मान आणि कोपरांचे सांधे लाल होऊन खाजू लागले. प्रथम सर्वांना ते घामोळे वाटले. मग कोणीतरी "खरूज आहे" असे म्हणाले आणि घरातले वागणेच पालटले. काकांचे ताट वेगळे झाले, टॉवेल वेगळा झाला, लहान नातीला त्यांच्या मांडीवर बसू देईनात. त्यातच शेजारच्या एका जाणत्या आजोबांनी मानेवर बिब्ब्याचे तेल लावले. दुसऱ्या दिवशी तेथे टरारून फोड आले.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांना दाखविले. त्यांनी पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून परीक्षा केली. गाजरगवताच्या पट्टीखाली कातडी लाल झाली. "हा आजार यांना कोणाकडून आलेला नाही आणि यांच्यापासून कोणाला जाणारही नाही," असे डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आजी एवढेच बोलली, "मग आपण त्याला उगीच वेगळं बसवलं की रे!"

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. पण घरातल्या या प्रसंगापर्यंत या विषयाकडे माझे लक्ष गेले नव्हते. श्रमदान, शिबिर, वनस्पतिसंग्रह यांसाठी आपण सर्वच रानात जातो. म्हणून जे वाचले व विचारून घेतले ते येथे मांडीत आहे.

परदेशी वेल आणि देशी भाऊबंद

इंग्रजी पुस्तकांत 'पॉयझन आयव्ही' या वेलीचे नाव नेहमी येते. तीन-तीन पर्णिकांची ही वेल उत्तर अमेरिकेतली. तिच्या चिकात उरुशिऑल नावाचे तेलकट द्रव्य असते. ते कातडीला लागले की पुरळ उठते. ही वेल आपल्या रानात नाही. पण तिचे कुळ आपल्या अंगणात आहे. आंबा, काजू आणि बिब्बा ही सारी त्याच आम्रकुलातली. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागून आलेला फोड किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने सोललेली बोटे ही याच घराण्याची करणी होय.

यांत खरा जवळचा भाऊ म्हणजे बिब्बा. डांगच्या जंगलात व सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात हा वृक्ष आढळतो. गुजरातीत त्याला भिलामो म्हणतात. त्याच्या काळ्या, हृदयाच्या आकाराच्या फळाच्या सालीत जे तेल असते त्यातील द्रव्ये रासायनिकदृष्ट्या उरुशिऑलची सख्खी भावंडे आहेत. हवा लागताच हे तेल काळे पडते व कापडावरून धुऊन जात नाही. म्हणून धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी ते वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमके या खुणेखाली चट्टे उठले आणि 1943 साली तेथील डॉक्टरांनी त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. मायदेशी ज्यांना पॉयझन आयव्ही बाधली होती, त्यांच्या शरीराला बिब्बा अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडे बिब्ब्याला फार मान. आतली गोडंबी आपण लाडवांत घालतो, दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला बिब्बा ओवतो, मुरगळलेल्या पायाला त्याचा चटका देतो. आयुर्वेदातही तो आहे. पण तेथे विटेच्या चुऱ्यात घोळून त्याची शुद्धी केल्यावाचून तो वापरीत नाहीत. घरगुती उपचारात आपण औषध तेवढे लक्षात ठेवले आणि शुद्धी मात्र विसरलो.

पुरळ उशिरा का उठते?

चटका बसला तर कातडी लगेच भाजते. या पुरळाचे तसे नसते. तेल काही मिनिटांतच कातडीत शिरते आणि तेथील प्रथिनांना चिकटते. शरीराच्या संरक्षक पेशी या बदललेल्या प्रथिनांना परके समजतात. पहिल्या भेटीत त्या फक्त ओळख करून घेतात; तिला आठवडा-दोन आठवडे लागतात व बाहेर बहुधा काहीच दिसत नाही. पुढच्या भेटीत मात्र साधारणतः एक ते तीन दिवसांत त्या हल्ला चढवितात. लाली, सूज, पाण्याचे फोड ही या लढाईची चिन्हे. बिब्ब्याचे तेल दाट असले तर ही ओळख नसतानाही ते कातडी सरळ पोळते, हा त्याचा आणखी एक गुण.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सोमवारी उठलेल्या पुरळाचे कारण शनिवार-रविवारच्या कामात शोधावे लागते. दुसरी, फोडांतील पाण्यात ते तेल नसते. त्यामुळे फोड फुटून पुरळ पसरत नाही व दुसऱ्याला लागतही नाही. चट्टे मागाहून नवे नवे उठतात ते जेथे तेल कमी लागले किंवा कातडी जाड आहे तेथे प्रतिक्रिया उशिरा होते म्हणून. मात्र कपडे, विळा, नखे यांवर राहिलेले तेल पुन्हा लागू शकते. धुवायचे ते हे. माणसाला वेगळे बसविण्याचे कारण नाही.

गाजरगवत

हे आम्रकुलातले नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातले. मूळ अमेरिका खंडातले हे तण भारतात 1955 साली पुण्यात प्रथम लक्षात आले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. पाने गाजरासारखी चिरलेली, फुले बारीक व पांढरी; एक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या अंगावरील लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्याने उडून पापण्या, मान, कोपर व गुडघ्यांच्या मागे बसते. म्हणून हात न लावताही पुरळ येते. ही ओळख जुळायला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. म्हणूनच "मी दहा वर्षे हे गवत उपटतो, मला काही झाले नाही" हे म्हणणे फोल आहे. एकदा ओळख जुळली की ती सहसा जन्मभर जात नाही. काहींना मग शेवंतीही सोसत नाही. परागांमुळे शिंका व दम्याचा त्रास होतो तो निराळाच.

या तणावर उपाय म्हणून 1984 साली बंगळूर येथे मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे सोडण्यात आले; ते केवळ याचीच पाने खातात असे पाहूनच त्यांची निवड झाली होती. टाकळ्यासारखी झाडे दाट लावल्यानेही गाजरगवत दबते.

खाजकुइली

कुंपणावर चढणारी ही वेल गुजरातीत कौंचा व कन्नडमध्ये नसुगुन्नी या नावाने ओळखली जाते. हिची तऱ्हाच वेगळी. शेंगेवरील सोनेरी कुसे कातडीत टोचतात आणि त्यांतील प्रथिन-पाचक द्रव्यामुळे त्याच क्षणी खाज सुटते. येथे चोळणे हीच मोठी चूक; चोळल्याने कुसे खोल जातात. चिकटपट्टी लावून ती उचटून काढावीत आणि मग धुवावे. डोळ्यांकडे हात नेऊ नये.

काम करताना

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा व मोजे घालावेत. बाह्या हातमोज्यांच्या आत खोचाव्यात. पातळ रबरी हातमोज्यांतून तेल झिरपते, म्हणून जाड प्लास्टिकचे घ्यावेत. नाकातोंडाला रुमाल बांधावा. गाजरगवत फुलण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट काढावे. वाळल्यावर धूळ उडते. काढलेला ढीग पेटवू नये. बिब्ब्याची साल व टरफले तर कधीच जाळू नयेत. धुरातून त्रास डोळ्यांत व छातीत जातो.

तेल लागल्याची शंका येताच, घरी जाईपर्यंत न थांबता, साबण व भरपूर थंड पाण्याने धुवावे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतले धुणे सर्वांत मोलाचे. नखांखाली विसरू नये. कामाचे कपडे वेगळे भिजवावेत आणि अवजारेही धुवावीत. शिबिरप्रमुखांनी पाण्याचा पिंप व साबणाची वडी विळ्यांच्या अगोदर जागेवर पोचवावी.

पुरळ उठल्यावर

थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, कॅलॅमाइन लावावे, फोड फोडू नयेत, नखे कापावीत. साधे पुरळ दोन-तीन आठवड्यांत बरे होते. बिब्बा, चुना, रॉकेल असले काही लावू नये. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली तीन-तीन औषधांची मिश्र मलमेही टाळावीत. त्यांतील स्टेरॉइडने खाज दबते, पण नायटा असेल तर तो फैलावतो. चेहरा, डोळे अथवा गुप्तांग सुजले, पुरळ अंगभर पसरले, पू किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. ते पोटात घेण्यास स्टेरॉइड देतील तर बरे वाटताच मनाने बंद करू नये, पुरळ उलटते. श्वास घेण्यास त्रास होऊ लागला तर क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे.

काका आता एका कापडाच्या गोदामात काम करतात. गवताच्या दिवसांत बाहेर पडताना तोंडाला रुमाल बांधतात. पुरळ अधूनमधून डोके वर काढते. पण नात पुन्हा त्यांच्या मांडीवर बसते. पुढच्या श्रमदानाला आपण गाजरगवत उपटू तेव्हा हातमोजे आहेत की नाहीत, एवढे मात्र प्रत्येकाने आधी विचारावे.