सोनतळीचा दाखला

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. मुलीच्या शाळेची, शिकवणीची आणि जाण्यायेण्याच्या गाडीची तजवीज लावून दिल्याचा तपशील वाचताना आमच्या मामलेदार कचेरीतला एखादा नेटका हुकूमच वाचतो आहे असे वाटले. कलम एकही सुटलेले नाही, फक्त बाप कोठे रुजू झालेला दिसत नाही. ‘बाकीचे तिची आई पाहते’ या एका ओळीत तू आपली गैरहजेरी मंजूर करून घेतलीस, म्हणून हे लांबण, आणि सोबत एक जुना दाखला.

१९१७ साली ज्या शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज पुढच्याच वर्षी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले आणि अकरा-बारा वर्षांची स्नुषा इंदुमतीदेवी विधवा झाली. शिक्षक नेमून महिन्याकाठी अहवाल मागविणे छत्रपतींना सहज शक्य होते. परंतु अवघ्या संस्थानाचा कारभार शिरावर असता त्यांनी सोनतळीच्या छावणीत तिच्या शिक्षणाची व्यवस्था जातीने लावली, एकटेपण जाणवू नये म्हणून बरोबरीच्या मुली सोबतीस ठेवल्या, आणि पत्रे लिहून तिच्या अभ्यासाची व प्रकृतीची विचारपूस चालू ठेवली. महाराजांची आई त्यांना तिसरे वर्षही पुरे होण्याआधी गेली आणि जनक पिता आबासाहेब घाटगे १८८६ साली निवर्तले; हा जिव्हाळा त्या उणिवेतूनच उपजला असावा, असा माझा आपला तर्क. सुनेने डॉक्टर व्हावे ही त्यांची मनीषा १९२२ साली त्यांच्या निधनानंतर तडीस गेली नाही. पण शिकलेल्या इंदुमती राणीसाहेबांनी पुढे याच गावात स्त्रीशिक्षणाचे काम हाती घेतले. म्हणून मुलीने अमुक व्हावे या तुझ्या बेताची मला फारशी मातब्बरी वाटत नाही.

राजेलोकांची गोष्ट निराळी, असे म्हणशील, तर सायंकाळी गंगावेशीत येऊन पाहा. तालमीत ठेवलेल्या पोराला भेटायला आलेला शेतकरी बाप समोर पिळलेल्या धारोष्ण दुधाचा पेला त्याच्या हाती देतो, तो रिकामा होईतो तिथेच उभा राहतो, मग त्याचा सुजलेला कान अंगठ्याने हलकेच चाचपून वस्तादांकडे चौकशी करतो. डावपेचांतले त्याला ओ की ठो कळत नसते.

उलट बाजूही मी पाहिली आहे. कचेरीत वारसाचे तंटे घेऊन पन्नाशीचे भाऊ येत. कागदावर वाद चार गुंठ्यांचा, पण जबानीला बसले की कोणाच्या शाळेत बाप गेला, कोणाच्या आजारपणात उशाशी बसला आणि कोणाला त्याने कधी जवळ घेतले नाही, याचीच कैफियत निघे, आणि ती नोंदवायला आमच्या दप्तरात रकाना नसे. जमीन सारखी वाटून दिली तरी धाकटा तोंड फिरवूनच पायऱ्या उतरे.

मात्र उद्यापासून मुलीच्या मानगुटीवर बसू नकोस. तिच्या वह्या तपासणारे पुष्कळ आहेत. तू रात्री अर्धा तास मोबाईल कपाटात ठेवून तिची बडबड ऐक, कंटाळा आला तरी ऐक.

परीक्षा आटोपली की तिला घेऊन ये, सोनतळीकडे जाऊ. तिच्या वर्गशिक्षिकेचे नाव आणि तिच्या जिवलग मैत्रिणीचे नाव मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. सूनबाईंना आधी विचारून ठेवलेस तर तेही मला कळेल.

तुझा,
दादाकाका