उरलेल्या कामाचा आलेख

काम किती झाले हे आपण सर्वजण सांगतो. पण किती उरले आणि दिवस किती राहिले, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. मग पाऊस दारात येतो आणि काम अर्धे पडून राहते. संगणकाचे कार्यक्रम तयार करणारी मंडळी यासाठी एक सोपा आलेख वापरतात. त्याला ते 'बर्नडाउन चार्ट' म्हणतात. आपण त्याला उरलेल्या कामाचा आलेख म्हणू. तो शेतीलाही चांगला लागू पडतो. आमच्याच कामाचे उदाहरण देतो.

काजूची कलमे लावण्यासाठी मे महिन्यात आम्हांला ७२ खड्डे खणायचे होते. प्रत्येक खड्डा ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल. रविवार सोडून चार आठवड्यांचे २४ दिवस हाती होते, म्हणजे रोज ३ खड्डे. पावसाला सुरुवात झाली की खड्ड्यांत पाणी भरते आणि माणसे भाताच्या कामाला जातात. म्हणून मुदत वाढवणे शक्य नव्हते.

मुलांच्या वहीतला चौकटींचा एक कागद घ्यावा. खालच्या रेषेवर एका चौकटीला एक दिवस धरून २४ दिवस मांडावेत. डाव्या उभ्या रेषेवर एका चौकटीला ३ खड्डे धरून ० पासून ७२ पर्यंत आकडे लिहावेत. वर ७२ पासून खाली २४ व्या दिवसापर्यंत शाईने सरळ तिरपी रेघ ओढावी. ही झाली योजनेची रेघ. मग रोज संध्याकाळी उरलेले खड्डे मोजून लाल पेन्सिलीने ठिपका द्यावा व ठिपके जोडत जावे. लाल रेघ शाईच्या रेघेच्या वर गेली, तर काम मागे पडले आहे. खाली असली, तर पुढे आहे.

पहिल्या आठवड्यात आमचे दोन गडी १४ खड्डे खणू शकले, दुसऱ्यात १२. खाली जांभा लागला होता. योजनेप्रमाणे ३६ उरायला हवे होते, उरले ४६. बारा दिवसांत २६ खड्डे, या गतीने उरलेल्या कामाला २२ दिवस लागले असते आणि हाती होते १२. कागद नसता, तर "होईल हळूहळू" म्हणत आम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत बसलो असतो.

आम्ही दोन निर्णय घेतले. कातळाकडची ९ खड्ड्यांची ओळ पुढच्या वर्षावर टाकली व तितकी कलमे कमी मागवली. शिवाय एक गडी वाढवला. राहिले ३७. तिसऱ्या आठवड्यात १९ व चौथ्यात १८ खणून झाले आणि काम वेळेवर संपले.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अर्धा खणलेला खड्डा मोजू नये. मापाने पुरा झाला तरच तो उरलेल्यांतून वजा करावा. मागे पडलो म्हणून योजनेची रेघ पुसून नवी काढू नये, नाहीतर चूक कुठे झाली ते कळत नाही. काम कमी केले किंवा वाढवले, तर त्या दिवशी उभी रेघ काढून कारण लिहावे. आम्ही वगळलेले ९ खड्डे खणले असे दाखवले असते, तर आमची आम्हीच फसवणूक केली असती.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. हा कागद गड्यांना बोल लावण्यासाठी नाही. रेघ वर गेली की आधी जमीन, ऊन, हत्यारे आणि आपला अंदाज तपासावा. मेच्या उन्हात माणसाला दुप्पट राबवून रेघ खाली आणण्यात शहाणपण नाही. लवकर कळले की उपाय स्वस्तात होतो, एवढाच या कागदाचा उपयोग. येत्या हंगामातील एखादे मोजता येण्याजोगे काम, बांधबंदिस्ती असो वा खत पसरणे, या रीतीने करून पाहावे.