मागणीमागची अडचण

प्रश्न : मी डोंबिवलीहून ठाण्याच्या कचेरीत जाऊन सॉफ्टवेअर रचतो. तक्रारींची दफ्तरी नोंद होते, तरी वापरकर्ते असंतुष्टच. काय चुकते?

उत्तर : २०१४ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर यूटीएस ॲप आले, तेव्हा मोबाइलवर तिकीट काढूनही छापील प्रतीसाठी स्थानकातल्या यंत्रापुढे उभे राहावे लागे; कागदविरहित तिकीट २०१५ मध्ये आले. ‘यंत्रे वाढवा’ अशी अर्जी त्या काळी कोणी केली असती, तर ती यंत्रांची मागणी म्हणूनच दफ्तरात दाखल झाली असती, आणि रांग टळावी हा तिचा मूळ हेतू अनुच्चारितच राहिला असता. म्हणून मागणीमागची अडचण विचारा. वापरकर्ता जेथे काम करतो तेथे स्वतः जाऊन, त्याला काही न शिकविता (हा मोह मोठा अनावर असतो), तो कोठे अडखळतो ते मूकपणे पाहा आणि त्याचेच शब्द टिपून घ्या.