थेंबे थेंबे तळे साचे

मंडळी, मोठे काम पाहिले की छाती दडपते. "एवढे कधी व्हायचे?" असे वाटते. मग आपण कामाला हातच लावत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत. चार दिवस आल्या आणि यायच्या बंद झाल्या. आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, येळ कुठाय? पहाटं भाकरी, दिवसभर रान. रातीला डोळं मिटत्यात. पर शिकायचं हाय. मागल्या साली न वाचता कागदावर अंगठा दिला. वावर गहाण पडलं, ते मागनं कळलं."

आम्ही म्हणालो, "बाई, आम्ही तास मागत नाही. चहाला आधण येते, तेवढाच वेळ द्या."

मग हिशेब मांडला. अ पासून अः पर्यंत 12 अक्षरे. क पासून ज्ञ पर्यंत 36. एकूण 48. रोज एक अक्षर घेतले तर 48 दिवस. म्हणजे दीड महिना आणि वर तीन दिवस.

बाई कामाला लागल्या. आधण येईपर्यंत चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षर काढायचे. म्हैस पान्हवेपर्यंत ते तोंडाने म्हणायचे. गिरणीत दळण होईपर्यंत कालचे अक्षर आठवायचे. मध्ये सुगी आली. आठ दिवस खाडा झाला. सुगी संपताच बाईंनी मागची अक्षरे पुन्हा गिरवली आणि पुढे चालल्या.

अक्षरे झाली. मग काना, मात्रा, वेलांटी, उकार. मग एस.टी.ची पाटी. मग युरियाचे पोते. पोत्यावर 45 किलो लिहिले होते. घरचे लोक तोवर 50 किलोच समजत होते!

वर्ष गेले. पुन्हा एक कागद पुढे आला. "इथे अंगठा करा." बाई म्हणाल्या, "थांबा, आधी वाचते." वाचायला पाव तास लागला. मागची माणसे कुरकुरली. बाई हलल्या नाहीत. एक ओळ कळली नाही, ती विचारून घेतली. मगच सही केली.

पूर्वीही असे घडले आहे. रमाबाई रानडे यांचे लग्न 1873 साली झाले. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दिवसा घरकाम असे. रात्री न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवीत. घरातल्या बायकांना ते आवडत नसे. तरी रमाबाईंनी शिकणे सोडले नाही. पुढे 1910 साली त्यांनी लिहिलेले आठवणींचे पुस्तक निघाले.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कामाचा तुकडा लहान घ्या. तो रोजच्या एखाद्या कामाला जोडा. खाडा पडला तर पुन्हा सुरू करा.

सांगा पाहू :
1. बाईंनी अक्षर कोठे गिरवले?
2. त्यांनी लगेच सही का केली नाही?
3. तुमच्या दिवसात असा रिकामा वेळ कोणता?