गहू सोडला, आता धावणंही सोडू का?

प्रश्न : माझं वय ४४. नुकतंच सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं आणि गहू कायमचा बंद झाला. जानेवारीत अर्धमॅरेथॉन आहे. पोळीशिवाय ताकद कुठून येणार? भाचीच्या बाळाचा स्वेटरही विणायला घेतलाय, पण विणताना बोटांना मुंग्या येतात. यातलं काय सोडू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सोडायचा तो गहू, रवा, मैदा, जव त्यातच आले. धावायला लागतात पिष्टमय पदार्थ, आणि ते भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, रताळ्यातही भरपूर असतात. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री वरण-भात उत्तम. पहाटे भाकरी जड पडेल, केळं खा. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.

खरी गोम स्वयंपाकघरात आहे. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. पुडीवरची बारीक अक्षरं वाचा. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली, तर तेवढं पीठही बाधतं. घरघंटी असेल तर ती फक्त तुमच्या धान्यासाठी ठेवा. आणि होळीची ‘एकच’ पुरणपोळीसुद्धा नको, आग्रह कुणाचाही असो.

मुंग्यांचा दोष सुयांवर ढकलू नका. या आजारात बी-१२ आणि लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींची तपासणी करून घ्या. तोवर विणा, पण वीसेक मिनिटांनी हात मोकळे करा. बोटं बधिर झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

जानेवारीत धावायचं की नाही, हे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवा.