हिशोब नेमका होतो कुठे?

वसई

चि. सोनू,


दादरच्या बाजारात जाणाऱ्या फुलांचा हिशोब तू गूगल शीटवर ठेवतेस, याचं मला फार कौतुक आहे. आणि हा हिशोब क्लाउडवर आहे म्हणजे नक्की कुठे आहे, असं तू विचारलंस, याचं त्याहून जास्त. कॉलेजात क्लाउडची व्याख्या पाठ करून पास होता येतं. तेवढ्यावर थांबू नकोस.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक, इंटरनेटवरून हवे तेवढे वापरायचे. ते जमिनीवरच असतात. घोडबंदरमार्गे ठाणं ओलांडून ऐरोली-महापेकडे गेलीस, तर अशी डेटा सेंटर तिथेच आहेत. आत सर्व्हरच्या रांगा, त्यांना थंड ठेवणारी अहोरात्र चालणारी यंत्रणा, वीज गेलीच तर डिझेलचे जनरेटर. अमेझॉनने मुंबईतून क्लाउडसेवा सुरू केली २०१६ साली, गूगलने २०१७ साली. भाडं भरणारी कंपनी आपला डेटा कुठल्या शहरात ठेवायचा ते निवडू शकते. तुझ्या फुकटच्या खात्यातली फाइल कुठे ठेवायची, ते मात्र गूगल ठरवतं. पैशांच्या व्यवहारांची गोष्ट वेगळी. त्यांचा डेटा भारतातच साठवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१८ पासूनचा नियम आहे.

आता काम कुठे होतं ते बघ. सगळंच काही तिकडे होत नाही. मोगऱ्याचा भाव बदललास की बेरीज बऱ्याचदा तुझ्याच फोनचा प्रोसेसर करतो. पण तू आणि बाबांनी एकाच वेळी वेगवेगळे आकडे टाकले, तर ते जुळवून दोघांना एकच पान दाखवणं हे सर्व्हरचं काम. चेहरा बघून फोन उघडतो तो फोनवरच. खात्यातली शिल्लक कळते ती बँकेच्या सर्व्हरला विचारून. तू स्वतःच पडताळून बघ. फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि एकेक ॲप उघड. काय चालतं आणि काय अडतं, ते वहीत लिही. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ही यादी तुला जास्त शिकवेल.

हे मी एवढं आग्रहाने सांगतो, कारण आपण वसईत राहतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वसईत ठिकठिकाणी वीज गेली. अशा वेळी सर्व्हरवरची फाइल सुखरूप असते, एका ठिकाणी बिघाड झाला तरी दुसरीकडे तिची प्रत असते. पण आपल्याकडचा टॉवर बंद पडला की ती असून नसल्यासारखी. तिकडची यंत्रणा कितीही भक्कम असो, मधली वाट आपल्या पावसातूनच जाते. आणि फुलांचे पैसे द्यायचे-घ्यायचे तर त्याच दिवशी असतात.

तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आत शीटची ऑफलाइन सोय चालू करून ठेव. दर शनिवारी फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घे, आणि ती उघडते की नाही हेही तपास. बाबांनाही शिकव.

तुझा,
मामा