लघवीतले रक्त कुठून आले?

लघवीच्या रिपोर्टवर 'आर.बी.सी. १५ ते २०' असे दिसले की रुग्णाच्या पोटात गोळा येतो. खरा प्रश्न पुढेच असतो. या तांबड्या पेशी मूत्रपिंडाच्या गाळण्यांतून आल्या, की मुतखडा, मूत्राशय अशा खालच्या वाटेवरून? पुढचे उपचार त्यावर ठरतात.

उत्तर बरेचदा पेशींच्या आकारात असते. पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतात. आपल्या डोळ्याला प्रकाशाचा कमीजास्तपणा, म्हणजे लहरीची उंची (आयाम) कळते. पेशीतून जाताना लहर फारशी बुटकी होत नाही, ती किंचित मागे पडते. याला 'कला' बदलणे म्हणतात, आणि ते डोळ्याला दिसत नाही. चिखलातून गेलेली बैलगाडी दिसते तशीच, फक्त उशिरा पोचते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांनी १९३० च्या सुमारास यावर तोड काढली. सरळ येणारा प्रकाश एका खास काचेच्या कड्यातून नेऊन ते त्याला पाव लहरीने सरकवत व थोडा मंदही करत. तो पेशीमुळे वळलेल्या प्रकाशात मिसळला की मागे पडणे अंधार-उजेडाच्या रूपाने उमटते. पेशी रंगवावी लागत नाही. १९३२ मध्ये येना येथील झाइस कारखान्यात या कल्पनेचे थंडे स्वागत झाले. १९५३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मात्र झर्निके यांनाच मिळाले!

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील बर्च व फेअरली यांनी याच सूक्ष्मदर्शकाने दाखवले, की गाळणीतून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या, फुगवटे आलेल्या असतात. खालच्या वाटेवरच्या बहुतेक गोल व एकसारख्या. यातून दिशा मिळते, निदान पक्के होत नाही. वेड्यावाकड्या असतील तर रक्तदाब, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन पाहावे लागते; गोल असतील तर सोनोग्राफी, गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी. चाळिशीपुढच्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला न दुखता एकदाच रक्त गेले, तरी थांबू नये.

नमुना मात्र ताजा हवा. घरून औषधाच्या विसळलेल्या बाटलीत आणलेला, दोन-तीन तास ठेवलेला नमुना कामाचा नाही. पेशी फुगतात, फुटतात. लॅबमध्येच, त्यांच्याच कोरड्या डबीत, सुरुवातीची धार सोडून मधली द्यावी. स्त्रियांनी पाळीचे दिवस टाळावेत.

आणि क्षयाच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे. त्यासाठी गोळ्या बंद करू नका.